डावी मूठ

बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टरनं ओतली
अर्धा ब्रास काळी माती, हिप्परग्याकडची,
आणि ड्रायव्हर म्हणाला, "आत नाही जात बे, मामा."
मामाला बे लावायचं नसतं,
पण एप्रिलच्या सोलापुरात एवढं चालतं.

बोळ पंचाहत्तर पावलं.
घमेल्यानं बावीस खेपा केल्या,
ढिगाला पत्ताही लागला नाही.
महानंदा दारातून म्हणाली,
"गाडी घ्या. कंबर काय
दुकानात मिळत नाही."

अक्कलकोट रोडला, बंद मागांच्या शेडला लागून
रेवणसिद्धचं वेल्डिंग.
तीन गाड्या भिंतीला टेकून उभ्या,
डेपोत पाटी न लावलेल्या एसट्या असतात तशा.

पहिली दोन चाकांची, रुंद, शहाणी.
हात सोडला तरी पडत नाही.
मी खिशातून सुतळी काढली;
दोन गाठींमधलं अंतर म्हणजे आमचं फाटक.
गाडी चार बोटं जास्त.
"फाटक बदला की," रेवणसिद्ध म्हणाला,
आणि मी विचार केलाही क्षणभर.

दुसरी हिरव्या प्लास्टिकच्या टबाची, फुलासारखी.
मे महिन्यात हिचं काय होतं, विचारलं.
तो नुसता हसला
आणि तिला सावलीत सरकवलं.

तिसरी एकचाकी. जाड पत्रा, हवेचं चाक.
ठोकळ रबराचंही होतं, बाभळीचा काटा लागत नाही म्हणे.
पण सांगोला, बार्शी, अक्कलकोट
हे रस्ते मी पाठीच्या मणक्यांनी वाचलेत:
हवेचं चाक खड्डा पोटात घेतं,
ठोकळ तो जसाच्या तसा मनगटात पोचवतं.
पंक्चर परवडलं.

"काय आणलाव पिशवीत?"
माझीच माती. ओली करून आणली होती.
"बरोबर आहे," तो म्हणाला,
"चप्पल घ्यायला पाय न्यावाच लागतो."

भरली. उचलली. दहा पावलं सरळ,
अकराव्याला डावीकडे झुकली.
पुन्हा उचलली. पुन्हा डावीकडे.
त्यानं आस तपासला, नट आवळले,
चाक हवेत फिरवून कान लावला.
गाडीत दोष नव्हता.
मग सुतार फळीकडे बघतो तसं
एक डोळा मिटून त्यानं माझ्याकडे बघितलं.
"मामा, नोकरी कशात होती?"

एकतीस वर्षं कंडक्टर.
डाव्या खांद्यावर चामड्याची बॅग,
चिल्लर, तिकिटं, बाजाराच्या दिवशी दुप्पट.
बॅग जमा करून चार वर्षं झाली,
पावती आहे कपाटात.
खांद्यानं जमा केलेली नाही.

काही न बोलता त्यानं डावी मूठ तापवली,
दोन बोटं खाली वाकवली,
पाण्यात बुडवली. चर्र झालं.
"आता ही दुसऱ्या कुणाला विकता यायची नाही."
वाकवायचे पैसे घेतले नाहीत,
गाडीचा एक रुपया सोडला नाही.

पहाटे पाच. लेंडीखत, कारखान्याची मळी,
वर ती काळी माती.
अकरा वाजता मुठीला हात लावता येत नाही,
म्हणून पाच.
सरळ चालली, खरंच सरळ,
आणि त्याच खुशीत
गटाराच्या कडेला आपटून
निम्मी सांडली नरसम्माच्या उंबऱ्यात.

ती बाहेर आली, विडीचं पान कापायची कात्री हातात,
तेलुगूत काहीतरी माझ्या सात पिढ्यांना.
मी वाकलो भरायला.
तिनं सुपली पुढे केली, पण मला नाही दिली.
सगळी माती स्वतःच गोळा करून
तेलाच्या पत्र्याच्या डब्यात घातली,
वाळक्या कढीपत्त्याच्या बुडाशी.
आणि दार लावता लावता म्हणाली,
"उद्या बी सांडा. जरा ह्या बाजूला."

ढीग अजून आहे. कमी होतोय.
फाटकापर्यंत एकोणसाठ पावलं न थांबता,
पण सोळाव्या पावलावर तिचं दार.
तिथं मी मूठ खाली ठेवतो.
विनंती थांबा.